कागेंडोचं पाचारण आणि अटाबोचं गाढव

माझ्या बायकोला देवाचं पाचारण झालं तेव्हा कढईत मंदाझीचा घाणा पडलेला होता. ते गोड, फुगीर तुकडे आधी तांबूस झाले, मग काळे झाले, मग त्यांतून धूर यायला लागला, आणि कागेंडो हातात झारा धरून, मौआच्या अख्ख्या बाजाराकडे पाठ करून, आभाळाकडे बघत हसत उभी. गिर्‍हाइकं खोळंबली होती. माझं केस कापायचं दुकान बरोबर समोर. एकाची अर्धी दाढी तशीच सोडून मी धावत आलो आणि कढई उतरवली.

"किन्याचे बाबा," ती म्हणाली, "मला बोलावणं आलंय."

"कुणाचं? नगरपालिकेचं?"

"देवाचं. तुर्कानाला जायचं."

किन्या म्हणजे आमची मुलगी. ती लग्न होऊन नैरोबीला सुखात होती, त्यामुळे आईला आवरायचं काम एकट्या माझ्यावर पडलं होतं. आदल्या रविवारी चर्चमध्ये कोणी पाहुणे आले होते. वायव्येच्या वैराण मुलखात शेळ्या-उंटांमागे फिरणार्‍या लोकांबद्दल ते बोलले. अख्खं घर गाढवावर लादायचं आणि चालू पडायचं, पुढच्या महिन्यात ही माणसं कुठे असतील ते कोणी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. बाकीच्या मंडळींनी माना हलवल्या आणि जेवायला घरी गेले. कागेंडोच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं.

"ज्यांना पत्ताच नाही, त्यांना शुभवर्तमान कोण पोचवणार?" ती म्हणाली.

"देवाला पत्ता लागत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर तो मला पाठवतोय. मलाही कधी पत्ता सापडत नाही."

हे मात्र खरं होतं. तीस वर्षं मौआत राहून ही बाई अजून गिरणीवरून घरी येताना चुकायची. चुकली की घाबरायची नाही, कुणाच्यातरी अंगणात शिरून त्यांच्याबरोबर एखादं गीत म्हणून, तिसर्‍याच रस्त्यानं उजाडायची. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. आनंद झाला की तिला चालता येत नसे, मध्येच एक उडी निघायची. पन्नाशी उलटली तरी ती उडी काही सुटली नव्हती. त्या दिवशी जळक्या मंदाझी गटारात टाकून ती घरी निघाली ती उड्या मारतच, आणि गिर्‍हाइकं माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच तिला काही पाजलं होतं.

माझं नाव मुरिथी. आमच्या मेरू भाषेत त्याचा अर्थ गुराखी. बापानं हौसेनं ठेवलं, पण मी आयुष्यात शेपटी असलेल्या कुठल्याही प्राण्याच्या वाटेला गेलो नाही. मला कात्री, आरसा आणि सावलीतली खुर्ची पुरते. तेव्हा मी पहिल्यांदा हसून बघितलं, मग चिडून बघितलं, मग दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा काही उपयोग झाला नाही, कारण ती माझ्या वाटचंही बोलत होती.

चर्चच्या मंडळातले लोकही रुमालात हसले. बायबल शाळेचं तोंड न पाहिलेली मंदाझीवाली आणि तिच्यामागे एक न्हावी, ही कसली मिशनरी जोडी. पण आमचे पाळक किरीमी भला माणूस. जपून बोलणारा, जपून जेवणारा. ते म्हणाले, "कागेंडोबाई, कोरडे दिवस आहेत तोवर जा. पावसाचे ढग जमायला लागले की मी जीप घेऊन येईन. तिथल्या लोकांना तुम्ही हव्या असाल तर राहा. नको असाल, तर रडारड न करता गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली आणि त्यांचा हात इतका हलवला की त्यांचा चष्मा सरकला.

"कबूल," मीही म्हणालो. मी दुकान विकलं नाही, नुसतं कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली. मनात म्हटलं, चार महिने ऊन खाऊ आणि परत येऊ.

तुर्कानातल्या लोडवार गावाच्या पुढे गाडीवाट संपली की वाळू, काटेरी बाभळी आणि त्यापलीकडे पुन्हा वाळू. तिथे एरेगे नावाच्या म्हातार्‍याचा तळ होता. दोन बायका, लेक, सुना, नातवंडं, भावाची कुटुंबं आणि मोजता न येणार्‍या शेळ्या. त्याची सून असेकोन लहानपणी शाळेत गेली होती, तिला स्वाहिली यायची. म्हणून आम्हाला तिथे सोडलं. त्या पोरीच्या जिभेवर आमचं सगळं मिशन उभं होतं.

आम्ही टेकून पाणी पितो न पितो तोच मागणं सुरू झालं. एरेगेनं माझी टोपी मागितली. त्याच्या थोरल्या बायकोनं, अटाबोनं, आधी तंबाखू मागितली, मग साखर, मग माझा शर्ट, मग कागेंडोचे बूट. अटाबो म्हणजे उंच, वाळलेली, गळ्यात हनुवटीपर्यंत मण्यांच्या माळांचा थर, आणि नजर अशी की आपण लहानपणी काय चोरलं ते तिला ठाऊक असावं. एका म्हातार्‍यानं माझा चष्मा मागून घेतला, घालून इकडेतिकडे बघितलं आणि जग बिघडलंय असं सांगून परत केला. त्यांच्या भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द म्हणजे 'दे'. दुसरा शब्द शिकायला बरेच दिवस लागले, कारण पहिल्यावरच सगळ्यांचं काम भागत होतं.

मी काही दिलं नाही. कागेंडोनं सगळं दिलं. बूट पहिल्याच दिवशी गेले. साखर आठवड्यात संपली. ओढण्या, सुया, डबे, साबण, चहापत्ती. देताना ती गायची, नाचायची, आणि रात्री मला सांगायची, "किन्याचे बाबा, बघा, प्रभू माझे हात रिकामे करतोय." मी म्हणायचो, "प्रभू नव्हे, अटाबो करतेय."

पण एक गोष्ट मला दिसत होती आणि तिला दिसत नव्हती. लोक वस्तू घ्यायचे आणि उठून जायचे. संध्याकाळी बायका एकत्र बसायच्या, त्यांच्यात हशा उसळायचा, कागेंडो जाऊन बसली की सगळ्या सरकून जागा द्यायच्या आणि गप्प व्हायच्या. प्रार्थनेला यायचे, पण उन्हात सावली शोधावी तसे, झाडाखाली बसायला. इतकं देऊनही ही बाई त्यांना परकीच.

त्याचं कारण समजायला आमचं घराणं समजलं पाहिजे. आमच्या डोंगरावर कुणाकडे काही मागणं म्हणजे नाक कापून घेणं. कागेंडोच्या माहेरी मीठ संपलं तर शेजारी मागत नसत. मका आणि घेवड्याचं गिथेरी तसंच अळणी खात आणि वर एकमेकांना सांगत की आज काय झकास झालंय. आमच्या लग्नात खुर्च्या कमी पडल्या, पण दोन्ही घरांनी कुणाकडून आणल्या नाहीत. पाहुणे उभ्यानं जेवले. अशा दोन घरांची आम्ही माणसं. पाणी संपलं की कागेंडो कोरड्या नदीत जाऊन वाळू उकरायची, त्यात तिची अर्धी सकाळ जायची. दूध नसलं की आम्ही काळा चहा प्यायचो आणि म्हणायचो, पोटाला हलका बरा. तंबू फाटला तेव्हा मी माझ्या दुकानातल्या गिर्‍हाइकाच्या अंगावर टाकायच्या कापडाचं ठिगळ लावलं. कुणाला एका सुतळीलाही त्रास दिला नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान.

एका दुपारी बाभळीखाली कागेंडोनं हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. ही गोष्ट या लोकांसाठीच देवानं राखून ठेवलीय, असं तिचं म्हणणं. सकाळपासून ती उड्या मारत होती. शंभर मेंढरं, एक हरवलं, धन्यानं नव्व्याण्णव रानात सोडली आणि त्या एकाला शोधायला निघाला. असेकोन एकेक वाक्य तुर्कानात सांगत होती. लोक पुढे सरकले. गोष्ट संपली.

एरेगेनं घसा खाकरला. "नव्व्याण्णवांजवळ कोण होतं?"

"कोणी नाही," कागेंडो म्हणाली.

"कोणीच नाही?" पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. "त्या देशात तरस नाहीत का?"

"असतील."

"शेजारी?"

"तेही असतील."

"मग शेजार्‍याला म्हणाला का नाही, जरा बघ म्हणून?"

कागेंडोनं माझ्याकडे पाहिलं. मी वाळूकडे पाहिलं. तेवढ्यात अटाबो उठली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. असेकोन बिचारी मऊ करून सांगायला गेली, तर अटाबोनं तिला टोकलं, "नीट सांग. गोड करू नकोस." मग असेकोननं आमच्याकडे न बघता जसंच्या तसं सांगितलं.

"तो माणूस कुणाला म्हणाला नाही, कारण तो तुझ्यासारखा होता. आलीस तेव्हापासून देत सुटलीयस. आम्ही काय भिकारी? माझ्या दारात पाण्याची पखाल भरून लटकतेय, आणि तू माझ्या नाकासमोरून नदीत वाळू उकरायला जातेस. माझ्या शेळ्या आटल्या असं वाटतं तुला? तो काळा पाला पाण्यात उकळून पितेस आणि माझ्याकडे दुधाचा थेंब मागत नाहीस. आमच्याकडे मागण्यासारखं काही नाही, असंच ना? ज्याला आमचं काही नको, त्याला आम्हीच नको. मग राहतेस कशाला आमच्यात?"

मला वाटलं, आता ही रडणार. पण ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून.

"किन्याचे बाबा," ती मला म्हणाली, "मी इतके दिवस यांना देतेय असं समजत होते. मी यांचा अपमान करत होते हो."

आणि ती उठून अटाबोसमोर जाऊन उभी राहिली. पन्नास वर्षांची सवय मोडायची म्हणजे चेष्टा नव्हे. "पाणी दे," ती म्हणाली.

अटाबोनं पखाल काढून दिली. कागेंडो घटाघटा प्यायली.

"दूध दे."

दूध आलं. आंबट, धुरकट वासाचं. तेही तिनं संपवलं, ओठांवरची दुधाची मिशी पुसली आणि अटाबोच्या गळ्याकडे बोट केलं. "माळा दे."

"नाही," अटाबो म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता.

"का नाही?"

"तू माझी लेक आहेस का?"

"लेक नसले तर करून घे."

सगळा तळ हसला. बायकांनी टाळ्या पिटल्या. तिथपासून जे सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. कागेंडो मागत सुटली. उठल्यापासून मागायची. एरेगेचं ते लाकडी बसकं मागितलं, जे तो बसायला आणि रात्री मानेखाली घेतो. त्यानं नाही म्हटलं, तिनं भांडण केलं, त्यानं पुन्हा नाही म्हटलं, आणि दोघंही खूश. कातडं मागितलं, मिळालं. शेळी मागितली, चार दिवस घोळवून एरेगेनं एक काळी, आखडू शेळी दिली. अटाबोच्या माळांतली एक, अगदी आतली, कागेंडोच्या गळ्यात आली. आणि आता कुणी तिच्याकडे काही मागितलं तर तीही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "नाही. परवा तू मला चरबी दिली नाहीस." संध्याकाळी तिच्यासाठी कोणी सरकेना, कारण ती आधीच मधोमध बसलेली असायची. बायका तिचे केस ओढायच्या, तिच्या पोटाला चिमटे काढायच्या, नवी गीतं मागायच्या. "अजून एक दे," म्हणायच्या. ती तंबूत परतायची ती उड्या मारतच.

मी मात्र तसाच. मला ते जमेना. एरेगे रोज सकाळी माझ्याजवळ येऊन बसायचा, तोंडाकडे बघायचा, वाट बघायचा. मी "एजोक" म्हणून नमस्कार करायचो, तोही "एजोक" म्हणायचा, आणि आम्ही दोघं शेळ्यांकडे बघत बसायचो. मग तो सुस्कारा टाकून उठायचा. त्यानं असेकोनला विचारलं म्हणे, "हिचा नवरा मुका आहे की नुसता आजारी?"

एवढं सगळं मिळालं तरी कागेंडोला एक गोष्ट मिळत नव्हती. गाढव. तिथे गाढवं बायकांची. तळ हलला की प्रत्येक बाई आपलं घर आपल्या गाढवावर लादते. गाढव नसलेल्या बाईचं घर चालू शकत नाही. कागेंडो रोज अटाबोकडे गाढव मागायची आणि अटाबो रोज नाही म्हणायची. आम्हाला वाटलं, हे नेहमीचंच. पण एक दिवस अटाबोनं कारण सांगितलं.

"चालणार्‍या घराला गाढव द्यायचं असतं. तुझा नवरा कुणाला काही मागत नाही. तो इथला नाही, जाणारा माणूस आहे. तो गेला की तू जाशील. मग माझं गाढव काय तुमच्या मोटारीत बसवू?"

कागेंडोनं हे मला जेवताना सांगितलं. तक्रार नाही, टोमणा नाही. वर म्हणाली, "तुम्ही मागू नका हं. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग पश्चिमेला ढग जमले. पोरं गवताची बातमी घेऊन आली. एरेगेनं सांगितलं, सकाळी निघायचं. आणि पावसाचे दिवस आले हे ओळखून आमचे पाळक आधीच मौआहून निघाले होते, त्यामुळे सकाळी तळ मोडत असतानाच चर्चची जीप धुरळा उडवत येऊन थडकली.

सगळीकडे धांदल. बायका झोपड्यांवरची कातडी ओढून काढत होत्या, गुंडाळत होत्या, गाढवांवर टोपल्या बांधत होत्या, एका टोपलीत तान्हं पोर, दुसरीत नुकतं जन्मलेलं करडू. पाळकसाहेबांनी आमच्यासाठी पाव आणला होता. त्यांनी कागेंडोला बघितलं, गळ्यात माळ, पायात काही नाही, आणि हसले. मग असेकोनला मध्ये घालून एरेगेला विचारलं, "या बाई तुम्हाला इथे हव्या आहेत का?"

एरेगेनं कागेंडोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तिला पाय आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे?" पाळकांनी असेकोनला विचारलं.

"म्हणजे तेवढंच," असेकोन म्हणाली. "आमच्यात राहा म्हणून कोणी कुणाला सांगत नाही. राहायचं तो चालायला लागतो."

पाळकसाहेब बिचारे खिन्न झाले. "कागेंडोबाई," ते म्हणाले, "आपलं ठरलं होतं. ते हो म्हणत नाहीत. आणि तुमच्याकडे सामान हलवायला काही दिसत नाही."

"ठरलं होतं," ती म्हणाली. तिनं पहिलं गाठोडं उचललं आणि जीपमध्ये ठेवलं. मग दुसरं आणायला वळली.

ती गात नव्हती. तीस वर्षं मी देवाकडे एक शांत सकाळ मागत होतो, आणि ही ती सकाळ. बायको बोलत नव्हती, गुणगुणत नव्हती, सरळ चालत होती, एकही उडी नाही. मला ते बघवेना. माझ्या हातात पावाचा तुकडा होता, खिशात दुकानाची किल्ली होती, जीपच्या सावलीत माझ्यासाठी जागा होती. मला हवं ते सगळं झालं होतं. आणि मला रडू येत होतं, कारण माझं या बाईवर प्रेम आहे, हे मला तिथे, त्या धुरळ्यात, पाव चावताना कळलं. आधी कळलं असेल, पण इतक्या जोरात नाही.

मी पाव खाली ठेवला आणि अटाबोकडे गेलो.

ती गाढवाचा पट्टा आवळत होती. मी तिच्यामागे उभा राहिलो. शब्द मला पाठ होता, चार महिने दुसरं काही कानावर पडलंच नव्हतं. पण आई, आजी, अख्खं मौआ डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"दे," मी म्हणालो.

"कोण बोललं?" अटाबोनं गाढवाला विचारलं.

"मी."

ती सावकाश वळली. "काय दे?"

"गाढव."

"ऐकू नाही आलं."

"गाढव दे," मी ओरडलो. शेळ्या बुजून पळाल्या. अख्खा तळ थांबला. एरेगे आपलं बसकं घेऊन धावत आला आणि समोर मांडून बसला. कोणीतरी टोपलीतलं पोर उचलून धरलं, त्यालाही दिसावं म्हणून.

"नाही," अटाबो म्हणाली.

मग मला आठवलं, कागेंडो अशा वेळी काय करते. "का नाही?" मी म्हणालो.

सगळीकडून हर्षाचा गलका उठला. एरेगे मांडीवर थापा मारत म्हणाला, "बोलला रे बोलला. जीभ आहे याला."

अटाबो माझ्याभोवती फिरली. बाजारात जनावर बघावं तसं तिनं मला पुढून बघितलं, मागून बघितलं. "ती पँट दे," ती म्हणाली.

"नाही."

"का नाही?"

"आत फारसं काही नाही."

असेकोनला हे सांगताच येईना. ती खाली बसून हसत होती. पण अटाबोला भाषांतराची गरज लागली नाही. एरेगेनं आपल्या खांद्यावरची जादा चादर काढून माझ्याकडे फेकली. मी बाभळीमागे गेलो आणि आलो तेव्हा चादरीची गाठ खांद्यावर होती, पँट हातात होती आणि वारा जिथे जिथे शिरू नये तिथे तिथे शिरत होता. आमचे पाळक जीपच्या चाकाकडे फार लक्षपूर्वक बघत होते. पँट अटाबोला देताना खिशातली किल्ली काढायची मी विसरलो. मागून लक्षात आलं, पण ती परत मागायची नाही असं ठरवलं.

अटाबोनं पँट हवेत धरून झटकली, आणि मग एका गाढवाचा दोर माझ्या हातात दिला. तळातलं सगळ्यात म्हातारं गाढव. एक कान अर्धा, आणि स्वभाव असा की मनात आलं की उभं राहायचं.

कागेंडो वाळूत बसली होती. तिच्यानं हसणं आवरत नव्हतं. मग तिनं धावत जाऊन जीपमधलं गाठोडं ओढून काढलं आणि माझ्याकडे आली ती उड्या मारत, एक नव्हे, दोन नव्हे, सगळ्या राहून गेलेल्या. "किन्याचे बाबा," ती म्हणाली, "तुम्ही किती छान दिसता हो."

"बायकोला डोळ्यांचा आजार झालाय," मी पाळकसाहेबांना म्हणालो.

"मंडळाला काय सांगू?" त्यांनी विचारलं. त्यांचेही डोळे पाणावले होते, हसून की कशानं ते मी विचारलं नाही.

"सांगा, लोकांनी आम्हाला ठेवून घेतलं. पँटही ठेवून घेतली."

त्यांनी आमच्याबरोबर प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले तर समोर अटाबो उभी. तिला त्यांचा टाय हवा होता. ते 'नाही' म्हणायला गेले नाहीत, मुकाट्यानं काढून दिला. मग जीप एकीकडे गेली आणि आम्ही दुसरीकडे.

चालायला लागलो तशी कागेंडोनं गीत सुरू केलं. बायकांनी ते उचललं, चुकीच्या चालीवर, पण उचललं. आमचं गाढव दर थोड्या वेळानं उभं राहायचं आणि पुढून अटाबो टाय उडवत ओरडायची की न्हाव्याला सांगा ओढ म्हणून. मी ओढत होतो. मला शेपटीवाल्या प्राण्यांचं वावडं होतं हे त्या दिवशी कुणी लक्षात घेतलं नाही, मीसुद्धा नाही.

दुपार कलल्यावर एरेगे कागेंडोच्या शेजारून चालायला लागला. इतक्या महिन्यांत त्यानं कधी आपणहून देवाचं नाव काढलं नव्हतं. त्यानं असेकोनला हाक मारून जवळ बोलावलं.

"तुझा तो देव," तो म्हणाला, "देतो म्हणतेस. पाऊस देतो, पोरं देतो, माफी देतो. बरं. पण तो कुणाकडे काही मागतो का? की तुमच्या मेरूवाल्यांसारखा नुसताच देत सुटतो?"

कागेंडोचं उत्तर मला ठाऊक होतं. तो फुकट देतो, त्याला काही नको, हे ती मौआच्या प्रत्येक प्रार्थनासभेत डोळे मिटून सांगायची. तिनं तोंड उघडलं.

"मागतो," ती म्हणाली.

"काय?"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी एका हातानं गाढव ओढत होतो आणि दुसर्‍यानं चादर सावरत होतो.

"सगळं," ती म्हणाली.

एरेगे थबकला. मग मागून येणार्‍या सगळ्या रांगेकडे वळून त्यानं मोठ्यानं काहीतरी सांगितलं, आणि ते माणसामाणसानं मागे मागे पोचत गेलं, पार शेळ्यांपर्यंत.

"काय म्हणाला?" मी असेकोनला विचारलं.

"म्हणाला, हे आधी नाही का सांगायचं. मग तो आपल्यातलाच आहे."